चार बोटं दुमड

जून लागला की गावातली पोट्टी
माझ्या मशीनसमोर ओळीनं उभी राहतात.
मी टेप टाकतो, आकडा बोलतो,
ललिता वहीत लिहिते.
कंबर, सीट, मांडी, उंची.
गावंड्यांचा तुषार : उंची एकोणचाळीस.
मागच्या जूनमध्ये पस्तीस होता.
"काय खातं बे?" मी विचारतो.
तो हसतो. ओठावर काजळाचं बोट पुसल्यासारखं काही,
आवाज फाटक्या डफड्याचा.

सुमेधचं माप सगळ्यांत शेवटी,
दुकानात कोणी उरलं नाही की.
आठवीत एकतीस.
नववीत सव्वाएकतीस.
यंदा दहावी. मी टेप दोनदा लावला,
अंगठ्याखाली अर्धा इंच चोरला
आणि मोठ्यानं म्हटलं, बत्तीस.
ललितानं टेपकडे पाहिलं
आणि साडेएकतीस लिहिलं.

तान्ह्या पोळ्याला तो मामेबहिणीच्या सोबतीला गेला,
तिचा लाकडी बैल फार जड, म्हणून.
सरपंचबाईंनी त्यालाही ओळीत ओढलं,
गालाला हात लावला,
बिस्किटाचा पुडा दिला, कंपासपेटी दिली.
त्यानं दोन्ही घेतलं. थँक्यू म्हणाला.
पुडा बहिणीला दिला.
कंपासपेटी मला महिनाभरानं सापडली,
चिंध्यांच्या पोत्यात, तळाशी.

ललिता दुधात खारीक उकळते,
उडदाचे लाडू करते,
कोणी सांगितलं म्हणून त्याला
कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळायला लावते.
धुण्याआधी त्याची बनियन नाकाशी नेते.
"अजून लेकराचाच वास येते," असं मला सांगते,
विहिरीचं पाणी किती खाली गेलं
ते सांगावं तसं.

"तुमी इचारा न त्याले. बापानं इचारा लागते."
"काय इचारू?"
"थेच."

अख्ख्या गावाच्या मांड्यांची मापं मला पाठ आहेत.
कोणाचा डावा पाय अर्ध्या इंचानं आखूड,
कोणाच्या पोटाला पुढच्या वर्षी कापड जास्त लागणार,
हे मी न मोजता सांगतो.
घरातल्या पोराला एक प्रश्न विचारायचा
तर तोंडात टाचण्या धरल्यासारखं होतं.

शेवटी यवतमाळ.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं, डाव्या हाताचा फोटो काढला,
उजेडावर धरला.
बोटांच्या हाडांमधल्या काळ्या फटी दाखवल्या.
"पोरगा पंधराचा, हाडं साडेबाराची.
बाकी सगळं ठीक. वाढायला जागा आहे अजून."
मग माझ्याकडे वळून,
"तुम्हाला मिशी कधी फुटली?"
सुमेधनं पहिल्यांदाच मान वर केली.
मी म्हटलं, सोळाव्या वर्षी.

परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला.
दारव्ह्याच्या अलीकडे मी ललिताला म्हटलं,
खोटं बोललो.
सोळा नाही. एकोणीस.
बापाच्या वस्तऱ्यानं कोरे गाल खरवडायचो
रोज, दार लावून.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदर तोंडात धरला,
तरी हसू सांडलंच.
"म्हणजे मले पाहाले आले तवा..."
तवा नुकतीच, मी म्हटलं.
पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं.
सुमेधच्या पापण्या जरा जास्तच घट्ट मिटलेल्या होत्या.

सव्वीस जानेवारीसाठी त्याला नवी पँट शिवली.
खाली आत दुमडून चार बोटं कापड ठेवलं,
तुरपाई कच्ची घातली,
एक धागा ओढला की सुटेल अशी.
माझा बाप अशीच शिवायचा माझी,
आणि विचारलं तर
कापडाला दोष द्यायचा.

"बाबा, पाय जड काऊन लागते ह्या पँटीचे?"
"कापड भारी आहे."
तो खाली वाकला.
दुमडीवर आडवी बोटं ठेवली,
एक, दोन, तीन, चार,
आणि काही न बोलता
बूट शोधायला गेला.